प्रतिसाद: क्रॉस बदलल्यानंतरची थरथर

बोलेरोच्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस (त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा भाग) बदलल्यापासून ताशी ७० किमीच्या पुढे थरथर जाणवते आणि व्हील बॅलन्सिंगनेही ती गेली नाही, असे आपण लिहिले आहे. धुळे-जळगाव महामार्गावर मोकळा पट्टा पाहून तोच वेग चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये राखून पाहावा; थरथर तशीच राहिली, तर इंजिनावरचा संशय बहुतांशी मिटतो. शाफ्ट चाकांपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा दोष स्टिअरिंगच्या हेलकाव्यापेक्षा सीटखालच्या बारीक गुणगुणीतून अधिक कळतो. माझा पहिला संशय जोडणीवर आहे: शाफ्ट उतरवताना भागांच्या मूळ जागेच्या खुणा केल्या नसतील (घाईत बहुधा करत नाहीतच), तर सरकता भाग स्प्लाइनवर (दांड्यावरच्या लांब खाचांवर) फिरून बसतो आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत. ते आधी तपासावे, मगच शाफ्ट बॅलन्सिंगचा खर्च करावा.