दुपारी फवारणी केली की औषध पानावर का पोचत नाही?

निफाडचा_बागाईतदार:
द्राक्षाच्या खरड छाटणीला (एप्रिलमधली छाटणी) महिना झाला. परवा ब्लोअर (ट्रॅक्टरमागचा पंख्याचा फवारणी पंप) चालवताना पानांना ते पिवळे कागद टाचले, पाणी पडलं की निळा डाग उठतो ते. सकाळी सातच्या फेरीला कागद ठिपक्यांनी भरला. दुपारी दोनला तेच नोझल, तेच औषध. प्रेशर तेवढं वाढवलं, म्हटलं जोरात जाईल. तर कागद अर्धा पिवळाच. शेजारी म्हणतात, उन्हानं धार नोझलच्या तोंडाशीच वाळते म्हणून थेंब बारीक होतात. खरंय का? टाकीमागं पैसे जातात हो.

रिटायर_मास्तर:
नोझलच्या तोंडाशी ऊन काही करू शकत नाही. तिथून पाण्याचा पातळ पडदा निघतो, त्याला भोकं पडतात, मग दोऱ्या, दोऱ्यांचे थेंब. सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, वाळायला सवडच नाही. दोरी तोडतो तो पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ. घरचा नळ बारीक सोडून बघा, वर काचेसारखी धार, खाली मणी. १८७०च्या दशकात बेल्जियमच्या प्लाटो आणि इंग्लंडच्या रॅले या शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. थेंब धारेच्या जाडीच्या जवळपास दुप्पट निघतो.

ऊन गाठतं ते सुटलेल्या थेंबाला. हवा ३० अंश, आर्द्रता ५० टक्के असेल तर १०० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा दहावा भाग) थेंब सुमारे १६ सेकंद टिकतो, ५० मायक्रॉनचा ४. व्यास निम्मा, आयुष्य पाव! मेमधल्या तुमच्या दुपारी त्याहून कमी. आणि प्रेशर वाढवून थेंब बारीक केलेत तुम्हीच. बारीक थेंबाचा जोर लगेच मरतो, तो तरंगतो, तिथंच सुकतो, औषधाची भुकटी वाऱ्यावर.

वाफेनं धारच फुटते ती इंजिनात. तापलेलं पेट्रोल इंजेक्टरमधून एकदम कमी दाबात आलं की धारेच्या पोटातच बुडबुडे उठतात आणि ती फाटते. तुमच्या टाकीतलं पाणी उकळत नाही ना?

पिंपळगाव_द्राक्ष:
प्रेशर उतरवा, मोठ्या भोकाची डिस्क लावा. जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) तर दुपारी मारूच नका, सावकाश वाळलं तरच मुरतं.

निफाडचा_बागाईतदार:
काल संध्याकाळी डिस्क बदलून, प्रेशर उतरवून मारलं. कागद भरला, पण खालच्या पानांवरून पाणी निथळत होतं. ट्रॅक्टरचा वेग वाढवू की डिस्क पुन्हा लहान करू?