शब्दचर्चा: प्रमाणपत्रातल्या ‘अनसर्टन्टी’ला काय म्हणावं?

वाटाड्या: पाण्याच्या मीटरच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचं मराठी करतोय. ‘चूक −०.३%, अनिश्चितता ±०.११%, के = २’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्यांनी मीटरच बेभरवशाचा ठरवला. दुसरा शब्द आहे का?

मापाडी: चूक मीटरची, अनिश्चितता आपल्या मोजणीची, हा भेद शब्दात यायला हवा. पाणी टाकीत घेऊन तोललं, तर अनिश्चिततेत काट्याचे ०.०२%, डायव्हर्टरच्या (पाण्याची धार टाकीकडे वळवणाऱ्या साधनाच्या) वेळेचे ०.०३, घनतेचे ०.०१, वाचनं पुन्हापुन्हा घेताना पडणाऱ्या फरकाचे ०.०४. सरळ बेरीज करायची नाही. वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ०.०५५. ‘के = २’ म्हणजे याची दुप्पट: ०.११. खरी चूक −०.४१ ते −०.१९ मध्ये, सुमारे ९५% खात्रीनं. मी ‘खात्रीचा पट्टा’ म्हणेन.

शुद्धमती: मग पट्टा जितका रुंद तितकं काम चांगलं, असंच वाटेल! अनिश्चितता रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. खटकतं ते ‘कॅलिब्रेशन’. ‘अंशांकन’ असताना?

ओघ: अंशांकन म्हणजे अंशांच्या खुणा करणं. मोजपात्राला ठीक, पण पाणी वाहील तसे पल्स (विजेचे ठोके) देणाऱ्या टर्बाइन मीटरवर कुठले अंश? शिवाय कॅलिब्रेशनमध्ये मीटरला हातच लावत नाहीत. मीटरचा के-फॅक्टर (लिटरमागे किती पल्स; वरचा ‘के = २’ वेगळा) बदलला की ती जुळवणी, आणि नंतर कॅलिब्रेशन पुन्हा. मला गणितातला ‘ताळा’ जवळचा वाटतो.

शुद्धमती: ताळा फक्त जमलं की चुकलं एवढं सांगतो. ते वैधमापनवाल्यांच्या ‘पडताळणी’चं काम: पेट्रोलपंपावर ५ लिटरच्या मापात फरक २५ मिलीच्या आत आहे ना, एवढं बघायचं. कॅलिब्रेशन किती चुकलं ते सांगतं.

मापाडी: शब्द कुठलाही घ्या, आधी आकडा तपासा. पाणी ३०° सेल्सिअसला असताना २०° ची घनता (९९५.७ ऐवजी ९९८.२) धरली, तर आकारमान ०.२५% कमी निघतं आणि बिचारा मीटर जास्त दाखवतो असा शेरा बसतो. तसंच हवेच्या उचलीमुळे काटा १००० किलोमागे साधारण १ किलो कमी दाखवतो. ती दुरुस्ती नसेल, तर ±०.११ लिहिण्यात अर्थ नाही.

वाटाड्या: दोन्ही धरल्या आहेत. दुसरीला मी ‘उत्प्लावन-दुरुस्ती’ लिहिलंय.

ओघ: ‘हवेची उचल’च लिहा की, लगेच कळतं.

शुद्धमती: उचल म्हणजे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. प्रमाणपत्रात चालणार नाही.