बंद पडलेल्या महिला संघटनेचे कागद: ठेवायचे काय आणि द्यायचे कुठे?

जुनीवही
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. आमची एक छोटी महिला संघटना आता बंद पडल्यात जमा आहे, काही जणी थकल्या, काही गेल्या. सेक्रेटरीबाईंच्या घरचं कपाट रिकामं करायचं होतं म्हणून तिथलं सगळं उचलून माझ्याकडे आणलंय. मिनिट बुकं, जमाखर्चाच्या वह्या, पत्रकं, पत्रव्यवहार, फोटोंची पाकिटं, थोड्या ऑडिओ कॅसेट, आणि सल्ला केंद्रात यायच्या त्या बायकांच्या केसच्या फायली. बाकीच्या मैत्रिणी म्हणतायत महत्त्वाचं तेवढं काढून ठेव, उरलेलं रद्दीत दे. पण महत्त्वाचं कुठलं ते ठरवायचं कसं? आणि असं साहित्य कोणी घेतं का मुळात?

टिपणवही
ताई, आधी हात आवरा :) निवडायला बसू नका. मी एका अर्काइव्हमधे (म्हणजे जुने कागद, फोटो जपून ठेवणाऱ्या संस्थेत) काम करते आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक तरी आधीच "साफसफाई" करून आलेले असतात. निवेदनं, सत्काराचे फोटो, पेपरातली कात्रणं नीट ठेवतात आणि नेमकी जमाखर्चाची वही टाकतात. अहो मिनिट बुकात कडाक्याचं भांडण झालं तरी "विषयावर सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असतं, खरं काय ते जमाखर्चात सापडतं. पत्रकं किती छापली, हॉलचं डिपॉझिट कुणी भरलं, कुणाच्या जामिनासाठी वर्गणी गोळा केली, कुठल्या महिन्यापासून वर्गणी यायचीच बंद झाली. हजेरीचं रजिस्टर असेल तर तेही ठेवा, सह्या आणि अंगठे कुठल्या भाषणात सापडत नाहीत.

दुसरं म्हणजे फायलींचा क्रम मोडू नका, तारखेप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे नव्याने लावायचा मोह होतो पण नको. एखाद्या अर्जाची प्रत केसच्या फायलीत न सापडता मोर्च्याच्या फायलीत सापडली, तर ते प्रकरण संघटनेने रस्त्यावर नेलं होतं याचा माग तिथूनच लागतो, तुम्ही ती "योग्य जागी" लावलीत की तो गेला. हलवण्याआधी कपाटाचा, खोक्यांचा मोबाईलवर फोटो काढा, कुठल्या खोक्यात काय होतं ते लिहून ठेवा. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड हलक्या हाताने काढा. फाटलेल्याला सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर अजिबातच नको, ते पुन्हा सुटत नाही. बुरशी आलेले कागद वेगळ्या खोक्यात.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात त्या आजच मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. ऐकून बघायची घाई नको, जुना प्लेअर टेप खातो.

सरळसोट
एवढा खटाटोप कशाला? स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, कागद द्या सोडून. आणि बायकांसाठी वेगळं अर्काइव्ह हा प्रकार मला काही कळलेला नाही. इतिहास तो इतिहास, आहेत की सरकारी अभिलेखागारं.

रानजाई
@सरळसोट, आहेत ना, जाऊन बघा एकदा. पत्रांची यादी केलेली असते ती नवऱ्याच्या नावाने. बाई चाळीस वर्षं संघटना चालवते आणि तिची पत्रं "अमुक साहेबांचे खाजगी कागद, कौटुंबिक" या गठ्ठ्यात. सही "सौ." आणि पुढे नवऱ्याचं नाव, त्यामुळे तिचं स्वतःचं नाव काय हे शोधण्यातच संशोधकाचा जीव जातो. स्वतंत्र संग्रह उगाच हौसेखातर नाही निघाले. अमेरिकेत इतिहासकार मेरी बिअर्ड आणि शांतता चळवळीतल्या रोझिका श्विमर यांनी 1935 साली जगभरातल्या बायकांच्या कागदांचं केंद्र काढलं, कागद नाहीत तर इतिहास नाही असंच त्यांचं म्हणणं होतं. पैशाअभावी आणि आपसातल्या मतभेदांमुळे 1940 मधे ते बंद पडलं, पण त्याच सुमारास स्मिथ आणि रॅडक्लिफ या बायकांच्या कॉलेजांमधे संग्रह उभे राहिले ते आजही चालू आहेत. पॅरिसमधे पत्रकार मार्गरीत द्युराँ यांनी त्याआधीच, 1931 मधे, आपला सगळा संग्रह शहराला देऊन टाकला होता. आपल्याकडे मुंबईला स्पॅरो हे बायकांचं अर्काइव्ह आहे, 1988 पासून, तिथे तर बायकांच्या मुलाखती, फोटो, पोस्टर असं सगळं जमवतात.

आणि महत्त्वाचं काय म्हणाल तर, लंडनच्या विमेन्स लायब्ररीत (आता ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे आहे) एमिली डेव्हिसनच्या पर्समधलं रेल्वेचं रिटर्न तिकीट आहे. मताधिकारासाठी लढणारी ही बाई 1913 मधे एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली. ती जीव द्यायलाच गेली होती की परत यायचं होतं तिला, हा वाद अजून चालू आहे आणि प्रत्येक वेळी त्या तिकिटाचा मुद्दा निघतो. आपल्या मैत्रिणींनी ते पहिल्या फटक्यात रद्दीत घातलं असतं.

टिपणवही
स्कॅनबद्दल. स्कॅन जरूर करा पण मूळ कागद फेकू नका. ड्राइव्ह कुणाच्या तरी खात्यावर असतो, ते खातं बंद झालं की संपलं. पत्रकाचा स्वस्त पिवळा कागद, सायक्लोस्टाइलची पुसट शाई, पाठीमागे पेन्सिलीने केलेला हिशोब यातलं बरंच स्कॅन करणारा सोडून देतो, पाठकोरी बाजू कोण स्कॅन करतंय!

उलट सगळं एकाच जागी असण्याचाही धोका असतोच. अ‍ॅमस्टरडॅमला 1935 मधे स्त्री चळवळीचं आंतरराष्ट्रीय अर्काइव्ह सुरू झालं, तिथल्या स्त्री चळवळीतल्या रोझा मानुस वगैरे त्यात होत्या. 1940 च्या जुलैमधे नाझींनी येऊन पुस्तकं-कागद तर नेलेच, फर्निचरही नेलं. पन्नासेक वर्षं सगळे समजत होते की नष्ट झालं, आणि 1992 मधे कळलं की मॉस्कोच्या एका गुप्त अर्काइव्हमधे पडून आहे! 2003 मधे परत मिळालं, तेही सगळं नाही. ती संस्था आता आट्रिया नावाने चालते. म्हणून कागद एका ठिकाणी आणि स्कॅन दुसऱ्या ठिकाणी.

जुनीवही
बापरे, बरं झालं विचारलं. जमाखर्चाच्या वह्या खरंच रद्दीच्या ढिगात गेल्या होत्या, आत्ताच बाजूला काढल्या. पण केसच्या फायलींचं काय? त्यात नावं, पत्ते, मारहाणीचे तपशील, सगळं आहे. त्यातल्या बऱ्याच बायका हयात असतील.

सरळसोट
याबाबतीत तरी ऐका, जाळून टाका. त्या बायका सल्ल्यासाठी आल्या होत्या, पीएचडीवाल्यांसाठी नव्हे.

रानजाई
मुद्दा पटतो, पण जाळल्यावर त्या काळात अशा किती बायका आल्या, पोलिसांनी काय उत्तरं दिली, माहेरचे काय म्हणाले, हे सगळं गेलं ना. घराच्या आत काय चालायचं ते दुसऱ्या कुठल्या दप्तरात येतच नाही.

टिपणवही
दोघांच्या मधला मार्ग असतो. या फायली वेगळ्या खोक्यात सीलबंद करा. स्कॅन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तर मुळीच नको. कागद देताना दानपत्र करायचं, त्यात लिहायचं की हा भाग अमुक इतकी वर्षं कुणालाही बघायला मिळणार नाही, आणि उघडल्यावरही नावं झाकूनच द्यायची. काही संस्था असलं साहित्य घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारा. मात्र हे तुम्ही एकटीने ठरवू नका. संघटना नोंदणीकृत असेल तर राहिलेल्या कमिटीची बैठक घेऊन ठराव करा, नाहीतर उद्या कुणीतरी विचारणार की तुम्हाला द्यायचा अधिकार कुणी दिला. आणि आलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणारीचा असतो, तेही दानपत्रात स्पष्ट येऊ द्या.

कागद देण्याआधी एक काम उरकाच. फोटोंचे साध्या कागदावर मोठे प्रिंट काढा, प्रत्येक डोक्यावर नंबर टाका आणि ज्या जुन्या कार्यकर्त्या अजून आहेत त्यांच्याकडे घेऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून (आधी विचारून). नाव विचारताना माहेरचं, सासरचं आणि हाक मारायचं, तिन्ही विचारा. वय बघता सुरुवात सगळ्यात थकलेल्या बाईंपासून करा.