जुन्या फ्लॉप्या अन् लग्नाच्या सीड्या – 'आपला वाडा' ग्रुप

दारव्हा वहिनी: माळ्यावरच्या डब्यात 14 लहान फ्लॉप्या, 2 मोठ्या वाकणाऱ्या, लग्नाच्या 3 व्हीसीड्या अन् 'स्मरणिका' लिहिलेली एक सीडी निघाली. नव्या लॅपटॉपले सीडी घालायले जागाच नाई. यूएसबीवर चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह आणली, तं ते म्हणते 'डिस्क फॉरमॅट करायची का?' हो म्हणू का?

वर्धा दादा: नाई! कॅन्सल करा. फ्लॉपी पूर्ण फॉरमॅट झाली का एकूणएक सेक्टरवर (चकतीवरच्या माहितीच्या लहान कप्प्यावर) नव्यानं लिहिल्या जाते, मंग त्यातून काहीच निघत नाई.
पहिले लिहिणं बंद करा. लहान फ्लॉपीच्या कोपऱ्यात सरकणारी पट्टी असते, ते अशी सरकवा का भोक आरपार दिसलं पाहिजे. भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. मोठ्या फ्लॉपीचं उलटं आहे, तिच्या कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली म्हणजे लिहिणं बंद.

वर्धा दादा: दुसऱ्या कोपऱ्यातही भोक आहे का ते पाहा. दोन्हीकडे भोक असलं तं 1.44 एमबीची. पट्टीवालं एकच असलं तं 720 केबीची. प्रत्येकीवर पेन्सिलनं नाही, वहीत नंबर घालून लिहा. मोठ्या वाकणाऱ्या फ्लॉपीवर दाबून लिहिलं तं आतल्या चकतीले मार बसते.

दारव्हा वहिनी: 13 दोन भोकांच्या, 1 एका भोकाची. तीन-चारींच्या आत पांढरे ठिपके दिसून राहिले.

वर्धा दादा: बुरशी. त्या बाजूले ठेवा, ड्राइव्हमध्ये घालूच नका. वाचणारं हेड चकतीले टेकूनच चालते. बुरशी हेडले चिकटते, हेड खरवडते, अन् त्याच ड्राइव्हमध्ये पुढची चांगली फ्लॉपी टाकली का तिच्यावरही गोल ओरखडा. एक खराब फ्लॉपी चार चांगल्या मारते.
ड्राइव्हमधून किरकिर, खरडल्यासारखा आवाज आला तं लगेच फ्लॉपी काढा, पत्र्याचं झाकण सरकवून चकती उजेडात पाहा. चकचकीत गोल रेघ दिसली म्हणजे तेवढा लेप निघाला, तिथला मजकूर गेला.

पुसद भाऊ: साफ कशानं करायची ते सांग बा, नाई तं लोक सॅनिटायझर लावतात.

वर्धा दादा: सॅनिटायझर नाई, त्यात ग्लिसरीन असते, चिकट थर राहते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिशवालं अॅसिटोन तं अजिबात नाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाहिजे, 99 टक्केवालं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे भेटते. झाकण सरकवून धरायचं, मागची लोखंडी चकती बोटानं हळूहळू फिरवायची अन् ओलसर कापसाच्या काडीनं दोन्ही बाजू पुसायच्या. काडी मळली का फेकायची. पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालायची नाई. दर चार-पाच फ्लॉप्यांनंतर हेडही तसंच पुसायचं.

पुण्याची ताई: साफ झाल्यावर सरळ कॉपी-पेस्ट करायचं का?

वर्धा दादा: इथंच लोक चुकतात. कॉपी-पेस्टमध्ये विंडोज एका खराब सेक्टरवर अडकते, पुन्हा पुन्हा वाचते, अन् शेवटी पूर्ण फाइल सोडून देते. अशक्त फ्लॉपी तेवढ्यात आणखी घासल्या जाते. म्हणून फाइल उघडून पाहायची नाई, यादी पाहायची नाई. पहिले पूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रतिमा (एकाच फाइलमध्ये अख्खी नक्कल) हार्ड डिस्कवर उतरवायची, फ्लॉपी डब्यात परत, मंग पुढचं सगळं त्या प्रतिमेवर.

वर्धा दादा: पद्धत अशी. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारं लिनक्स) टाकून लॅपटॉप त्याच्यावरून चालू करा. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम टाका. त्याले तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून वाचायचं, प्रतिमा कुठे लिहायची, अन् मॅप फाइल कोणती. मॅप फाइल विसरू नका. कोणता सेक्टर वाचला, कोणता राहिला, हे सगळं तिच्यात नोंदल्या जाते. पेनड्राइव्हवरच्या उबुंटूत ठेवलेलं बंद केल्यावर पुसल्या जाते, म्हणून दोन्ही फाइली हार्ड डिस्कवर.
सेक्टरचा आकार फ्लॉपीले 512 बाइट सांगा, सीडीले 2048. पहिली फेरी 'एन' स्विच (आज्ञेत जोडायचं अक्षर, -n) लावून: सोपं ते उचलते, बिघडलेल्या जागी रेंगाळत नाई. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून 'डी' (-d) अन् 'आर 3' (-r3) लावा, मंग राहिलेल्याच जागा तीनदा वाचते.
दोन फेऱ्यांच्या मधात फ्लॉपी काढून परत घाला. चकती थोडी वेगळी बसते, अन् न वाचलेले सेक्टर कधी कधी तेवढ्यानंच निघतात. तरी नाई निघाले तं दुसरी ड्राइव्ह लावा, प्रतिमा अन् मॅप फाइल त्याच ठेवा. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलं त्याचं हेड जराक तिरपं असलं, तं एक ड्राइव्ह वाचत नाई अन् दुसरी वाचते.

मोठे काकाजी: मधातच लाइन गेली तं? आमच्याकडं भारनियमनाचा भरोसा नाई.

वर्धा दादा: म्हणूनच मॅप फाइल, काकाजी. तीच आज्ञा परत दिली का जिथं थांबलं तिथून पुढं चालते. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप घ्या, म्हणजे तेही टेन्शन नाई. अन् हे काम कूलरच्या झोतात बसून करू नका. त्याची ओल फ्लॉपीले चालत नाई.

दारव्हा वहिनी: पूर्ण उतरली हे कसं समजायचं?

वर्धा दादा: फाइलचा आकार पाहा. 80 ट्रॅक, 2 बाजू, 18 सेक्टर, 512 बाइट, गुणाकार 14,74,560 बाइट. 1.44 वालीची प्रतिमा बरोबर तेवढीच पाहिजे. एका भोकाचीत ट्रॅकले 9 सेक्टर, म्हणून 7,37,280.
पण आकार बरोबर असला तरी मधात रिकाम्या जागा राहू शकतात. डीडीरेस्क्यूत 'फिल मोड' आहे. प्रतिमेची एक कॉपी घ्या अन् कॉपीतल्या न वाचलेल्या जागी एखादा ठरावीक शब्द भरा. मंग ज्या फाइलमध्ये तो शब्द सापडला ते फाटकी, बाकीच्या शाबूत. फाइली काढायले 7-झिप पुरे, ते फ्लॉपीची प्रतिमा उघडते. फाइलींची यादीच खराब असली तं फोटोरेक हा फाइली हुडकून काढणारा प्रोग्राम चालवा. नावं जातात, पण मजकूर निघते.

मोठे काकाजी: मोठ्या दोन फ्लॉप्यांत सोसायटीचा जुना हिशेब असंल.

वर्धा दादा: त्या 5.25 इंची आहेत. यूएसबी ड्राइव्ह 3.5 इंचीचीच येते, त्यात त्या बसत नाईत. त्यांच्यासाठी जुनी 5.25 ची ड्राइव्ह, 34 पिनांची पट्टी केबल, 5 अन् 12 व्होल्ट दोन्ही देणारा पॉवर सप्लाय, अन् 'ग्रीसवीझल' नावाचं लहान बोर्ड लागते. ते बोर्ड चकतीवरचे चुंबकी बदल जसेच्या तसे उतरवते. ते सामान जमेपर्यंत फ्लॉप्या कागदी पाकिटात उभ्या ठेवा, वाकवू नका. पत्र्याच्या छताखाली तं नकोच.

पुसद भाऊ: आता लग्नाच्या व्हीसीड्या. इथं दादाची 2048 वाली युक्ती लागू होत नाई हो. व्हीसीडीतला व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असते, एका सेक्टरमध्ये 2324 बाइट. साध्या डेटाले जो जादा दुरुस्तीचा थर असते त्याची जागा कापून व्हिडिओले देल्ली आहे. म्हणून लहानसा ओरखडा पडला तरी विंडोज 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' (वाचलेलं जुळत नाई) असा एरर देऊन पूर्ण फाइल टाकून देते. खरं तं एक सेक्टर गेला तं स्क्रीनवर क्षणभर चौकोन दिसतात, बस.

पुसद भाऊ: लिनक्सवर 'व्हीसीडीइमेजर'मधला 'व्हीसीडीएक्सरिप' वापरा. विंडोजवर आयसोबस्टर. त्यात फाइलवर उजवी क्लिक करून फक्त एमपेग फ्रेम गाळून काढायचा पर्याय आहे. एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल सरळ कॉपी होत असली तं तीही व्हीएलसीत चालते. चित्र 352 बाय 288 चंच आहे. मोठं करून देतो म्हणणाऱ्याले पैसे देऊ नका, मूळ फाइल तशीच सांभाळा.

पुण्याची ताई: आमच्याकडे सीडीवर टूथपेस्ट घासतात.

पुसद भाऊ: सगळ्यात शेवटी, अन् तेही प्रतिमा घेऊन झाल्यावर. पहिले कोमट पाणी, एक थेंब भांड्याचं लिक्विड, मऊ सुती कापड. पुसायचं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाई. माहिती गोल रेघेत असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच तोडते, ते दुरुस्त होते. रेघेसोबत गेलेला गोल ओरखडा अडीच मिलिमीटरच्या वर गेला का दुरुस्तीच्या बाहेर.
अन् छापील बाजू जास्त जपा. सीडीत चमकणारा थर वरच्या वार्निशच्या लगेच खाली असते. दिव्यासमोर धरून आरपार भोकं दिसली, तं तिथला डेटा कोणीच आणू शकत नाई. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधात असते, म्हणून वरून तेवढा नाजूक नाई.

दारव्हा वहिनी: स्मरणिकेच्या सीडीत फक्त दोनच फाइली दिसून राहिल्या, फोटो नाईतच.

वर्धा दादा: ते एका दमात लिहिली नसंल. तीन वेळा लिहिली का तीन सत्रं होतात, अन् विंडोज शेवटचंच दाखवते. आयसोबस्टरमध्ये डाव्या बाजूले सगळी सत्रं दिसतात, आधीच्या सत्रात पाहा. कोरी दिसणारी सीडीही फेकू नका, ते बंद न केलेली असू शकते. खालून पाहिलं तं लिहिलेला भाग जराक वेगळ्या रंगाचा दिसते.

दारव्हा वहिनी: फोटो निघाले, दादा! पण स्मरणिकेची वर्ड फाइल उघडली तं सगळी इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं. खराब झाली का?

अमरावती ताई: नाही वहिनी, फाइल चांगली आहे, फॉन्ट नाही. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी आजची एकच पद्धत) आधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवत. लिब्रेऑफिसमध्ये उघडा (नवीन वर्ड सुरक्षेच्या सेटिंगमुळे वर्ड 95 अन् त्याआधीच्या फाइली अडवते), मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टचं नाव वाचा. श्री-देव-0714 असलं तर श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी असलं तर सी-डॅकचं आयएसएम. बाकी आकृती अन् कृतिदेव. प्रत्येकाची जुळणी वेगळी, म्हणून कन्व्हर्टरमध्ये नेमकं तेच नाव निवडा. चुकीचं निवडलं की अर्धं बरोबर, अर्धं भलतंच येतं, अन् ते जास्त फसवतं.

अमरावती ताई: बदललेला मजकूर वाचताना दोन जागा तपासा: पहिली वेलांटी अन् रफार. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलटं. जोडाक्षरापाशी कन्व्हर्टर इथंच गोंधळतो, 'वार्षिक', 'कार्यकर्ते' असे शब्द शोधून पाहा. आधी एक पीडीएफ जुना फॉन्ट टाकून बनवा, म्हणजे ताडून पाहता येईल.

मोठे काकाजी: अन् हिशेबाच्या डीबीएफ (जुन्या डेटाबेसच्या) फाइली?

अमरावती ताई: लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, काकाजी. फक्त त्यात सेव्ह करू नका, वेगळ्या नावानं ठेवा. सोबत त्याच नावाची एफपीटी किंवा डीबीटी फाइल असली तर ती त्याच फोल्डरमध्ये पाहिजे, शेऱ्याचा मजकूर तिच्यात असतो. डॉसवर जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये लावायचं कार्ड) लावून मराठी भरलं असलं तर ते इस्की, म्हणजे भारतीय लिप्या साठवायची जुनी पद्धत आहे. ते बदलणं सोपं, कारण त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली आहेत, वेलांटी उलटी फिरवावी लागत नाही.

दारव्हा वहिनी: एका व्हीसीडीले मधल्या भोकापाशी चीर आहे.

वर्धा दादा: ते तुमच्याकडं चालवू नका. 52 एक्सच्या ड्राइव्हमध्ये मिनिटाले 10,000 च्या आसपास फेरे होतात, चीर वाढून चकती आतच फुटते. लिनक्समध्ये 'इजेक्ट' आज्ञेले 'एक्स 4' देऊन वेग कमी करता येते, पण सगळ्या ड्राइव्ह ऐकत नाईत. माझ्याकडं ऐकणारी आहे, पाठवून द्या.

दारव्हा वहिनी: मंग ते अन् मोठ्या दोन फ्लॉप्या रविवारी भाऊजींच्या हाती वर्ध्याले पाठवते.

वर्धा दादा: दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधात बांधून द्या. गाडीच्या डिक्कीत नको, उन्हानं तापते, हातातल्या पिशवीत आणा म्हणा. अन् त्या पिशवीत स्पीकर ठेवू नका, त्यात लोहचुंबक असते.