पाठ्यपुस्तकांचा खर्च विद्यार्थ्यांना झेपावा म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने नेमके काय करावे?

प्रश्न : अर्थशास्त्राच्या अध्यापिका, परभणी जिल्हा

मी एका अनुदानित महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. आमचे बहुतेक विद्यार्थी कोरडवाहू शेती असलेल्या घरांतून येतात. पुस्तके घेण्याची वेळ जुलैमध्ये येते, तेव्हा घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गुंतलेला असतो. सोयाबीन विकून हातात चार पैसे येईपर्यंत दिवाळी येते आणि पहिले सत्र संपत आलेले असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलल्यामुळे मोठ्या भावंडाची जुनी पुस्तके वापरण्याची सोयही राहिलेली नाही.

गेल्या महिन्यात तपासायला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत मला पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण हाताने उतरवलेले दिसले. आकृत्याही तिने पट्टी लावून काढल्या होत्या आणि मागणी वक्राखाली मूळ पुस्तकातला पान क्रमांकसुद्धा लिहून ठेवला होता. त्या पुस्तकाच्या आमच्या ग्रंथालयात दोनच प्रती आहेत आणि दोन्हींवर ‘संदर्भ’ असा शिक्का असल्याने त्या घरी नेता येत नाहीत. ग्रंथालय समितीपुढे मला लेखी प्रस्ताव ठेवायचा आहे. आहे त्या अनुदानात काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, नांदेड

मॅडम, आपला प्रश्न मनाला लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खर्चाची सुरुवात ग्रंथालयात होत नाही, ती संदर्भग्रंथांच्या यादीपासून होते. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्च करावे लागते, त्यामुळे खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जाते. अध्यापकांची यादी मात्र ऑगस्टमध्ये हातात पडते आणि मधल्या काळात प्रकाशकाचा प्रतिनिधी जे दाखवील ते कपाटात येऊन बसते. माझ्या सेवेतली निम्मी वर्षे मी हेच पाहिले आणि ते थांबवायला मीही उशीर केला. म्हणून पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक पेपरसाठी अध्यापकांनी जानेवारीतच एक कागद भरून द्यावा : कोणते पुस्तक, त्यातली कोणती प्रकरणे आणि विद्यार्थी किती.

हा कागद हातात आला की असे दिसते की, संपूर्ण सत्रभर लागणारे पुस्तक पेपरमागे एखादेच असते. त्याच्या जास्तीत जास्त प्रती घेऊन त्या पुस्तक पेढीत ठेवाव्यात आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यात देऊन परीक्षा संपल्यावरच परत घ्याव्यात. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची पुस्तक पेढी योजना जुनी आहे आणि तिच्यात साधारणतः दोन विद्यार्थ्यांमागे एक संच दिला जातो. तेच प्रमाण कला शाखेला स्वतःच्या बळावर लावायला काही हरकत नाही.

ज्यांतले एखादेच प्रकरण लागते, त्या पुस्तकांच्या दोन-तीन प्रती देवघेवीच्या टेबलामागे राखून ठेवाव्यात. दिवसा दोन तासांसाठी वाचनकक्षात द्याव्यात आणि संध्याकाळी पाच वाजता दिलेली प्रत सकाळी दहा वाजता परत घ्यावी. आपल्या त्या दोन प्रतींपैकी एकीवरचा शिक्का समितीच्या ठरावाने उद्याच रद्द करता येईल. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही एकदा पाहा. सगळे शिक्के परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यातले असतील, तर ते पुस्तक राखीव ठेवण्याजोगे आहे, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर : एम. ए.ची विद्यार्थिनी, मूळ गाव केज तालुक्यात

सरांचे म्हणणे पटते. माझे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि मी शहरात कॉट बेसिसवर राहते. मला पुस्तकाइतकीच ग्रंथालयाच्या वेळेची अडचण येते, कारण तास संपून मी पोहोचते तेव्हा देवघेव बंद झालेली असते. पुस्तक पेढीसाठी अनामत रक्कम मागितली जाते, तीही जुलैमध्ये जमत नाही. शिवाय झेरॉक्सबद्दल एक विचारायचे आहे : एका प्रकरणाची प्रत काढून द्यायला आमच्याकडे कायद्याचे कारण सांगून नकार मिळतो, तो बरोबर आहे का?

उत्तर : विधी शाखेचे अध्यापक, लातूर

ताई, अशा सरसकट नकाराला आधार नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला उल्लंघन मानलेले नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अध्यापकांनी नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना देत असे. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले की, अध्यापनाच्या हेतूसाठी जितका मजकूर आवश्यक आहे तितक्याची प्रत काढता येते, मग ती बाहेरच्या दुकानातून काढून घेतलेली असली तरी. पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. याचा अर्थ संपूर्ण पुस्तक छापून विकायला मोकळीक मिळाली, असा कोणी घेऊ नये. अध्यापकाची यादी लेखी असावी, त्यात प्रकरणांचा उल्लेख असावा आणि प्रतीवर मूळ लेखक व प्रकाशक यांची नावे असावीत. ग्रंथपाल सरांनी सांगितलेला तो कागद येथेही उपयोगी पडतो.

उत्तर : कार्यरत ग्रंथपाल, हिंगोली जिल्हा

ई-साधनांबद्दल थोडे लिहिते, कारण समितीत तो विषय हमखास निघतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि तिच्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पण तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना संशोधनपत्रिका मिळतात, बी. ए.ची पाठ्यपुस्तके मिळत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची एन-लिस्ट ही ऑनलाइन सेवा आहे, तिच्यात महाविद्यालयांसाठी ई-पुस्तके आहेत आणि घरून लॉगिनही करता येते. आमच्याकडे मात्र विद्यार्थ्यांना पासवर्ड मिळतो आणि तो वापरायचा कसा, हे कोणी दाखवत नाही. प्रवेशाच्या दिवशीच खाते उघडून एक पुस्तक त्यांच्याच मोबाइलवर उघडून दाखवले, तर फरक पडतो.

खरी उणीव मराठीची आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून पाठ्यपुस्तके मोफत देतो, त्यांत अर्थशास्त्रही आहे, पण ती इंग्रजीत आहेत आणि आमच्या मुलांचा पेपर मराठीत असतो. एका विषयाच्या चार महाविद्यालयांतील अध्यापकांनी एकेक घटक मराठीत लिहून, तो मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येईल अशा अटीवर, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवला, तर पुढच्या वर्षी तेवढे पुस्तक विकत घ्यावे लागणार नाही. मोबाइलवर मात्र दीर्घ वाचन होत नाही, त्यामुळे त्याच्या दहा छापील प्रती बांधून ग्रंथालयात ठेवाव्याच लागतील.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रात्री बसून माझ्या एका पेपरचा कागद भरला. यादीत मीच लिहिलेली सहा पुस्तके आहेत, त्यांतले एकच सत्रभर लागते, तिघांतले एकेक प्रकरण लागते आणि उरलेली दोन मी स्वतः गेल्या दोन वर्षांत उघडलेली नाहीत; ती यादीतून काढली. विद्यार्थिनीने उतरवलेले प्रकरण बावीस पानांचे आहे, ते सोमवारी झेरॉक्स करून ग्रंथालयात ठेवते. अनामत रकमेबाबत मात्र सरांचे मत हवे आहे.

निवृत्त ग्रंथपाल, नांदेड

अनामत घेऊ नका, मॅडम. बी. टी. कार्ड, म्हणजे पुस्तक घरी नेण्यासाठीचे ग्रंथालयाचे कार्ड, जमा करून घ्या आणि परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी, परीक्षागृहाच्या दारातच, पुस्तके परत घेण्याचे टेबल मांडा. देवघेव संध्याकाळी सहापर्यंत चालू ठेवण्याचे कलमही त्याच प्रस्तावात घालावे.