विंडोज ७ अपग्रेडची डीव्हीडी, अ‍ॅक्टिव्हेशन होईना

जुना_डबा: मंडळी, एक्सपी काढून विंडोज ७ टाकलं, अपग्रेडवाली डीव्हीडी रीतसर बिल करून घेतलीये, हार्डडिस्क कोरी करून डीव्हीडीवरून बूट केलं, इन्स्टॉल मस्त झालं पण अ‍ॅक्टिव्हेट करताना शेवटी एफ०६१ असलेला एरर येतोय. आता परत एक्सपी टाकायचं की काय?

रात्रपाळी: एक्सपी कशाला. अपग्रेडची प्रॉडक्ट की (डीव्हीडीसोबतचा कोड) आधीचं विंडोज होतं का ते बघते, कोऱ्या डिस्कवर तिला काय डोंबल सापडणार! आहे त्या विंडोज ७ मधूनच डीव्हीडीचा सेटअप चालव, अपग्रेड निवड, मग की टाक. वेळ जातो पण चालतं.

पंत: दोनदा इन्स्टॉल कशाला हो. रेजएडिट (विंडोजची अंतर्गत सेटिंग्ज, म्हणजे रजिस्ट्री, बदलायचं टूल) उघडा, त्यात एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, सेटअप, ओओबीई असं एकेक उघडत जा. तिथं मीडियाबूटइन्स्टॉल १ असेल ते ० करा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर (लायसन्स सांभाळणारी कमांड), स्पेस, स्लॅश, रीआर्म असं टाइप करा. रीस्टार्ट करून की टाका. एक्सपीचं लायसन्स मात्र खरं हवं, आणि ते आता दुसऱ्या मशीनवर वापरायचं नाही.

जुना_डबा: पंत, झालं एकदाचं! साउंडचा ड्रायव्हर राहिलाय, त्याचा वेगळा धागा काढतो.