लंडनच्या मुकुटावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर झालेली चर्चा

शुभ्रा: आज टॉवर ऑफ लंडनला जाऊन आले. २०२३ ला चार्ल्सच्या डोक्यावर ठेवला होता तो सेंट एडवर्डचा मुकुट बघितला, सव्वादोन किलोच्या आसपास वजन! आत फोटो काढू देत नाहीत त्यामुळे मागू नका

वैशालीकाकू: मान अवघडली असेल गं बिचाऱ्याची

बापूकाका: तो १६६१ चा आहे. जुने दागिने राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळात वितळवले, मग दुसऱ्या चार्ल्सने रॉबर्ट वायनरकडून नवीन करून घेतले. हा वायनर सोनार कम बँकर, तेव्हा तिकडे लोक सोनाराकडेच पैसे ठेवायचे, हा सहा टक्क्यांनी घ्यायचा आणि राजाला दहाने द्यायचा

ओंकार: म्हणजे मुंबई आंदण मिळालेला तोच चार्ल्स ना?

बापूकाका: तोच. १६६८ ला कंपनीला देऊन पण टाकली, वर्षाला १० पौंड भाडं

वैशालीकाकू: आमचं पार्किंग महाग आहे त्यापेक्षा 😂

बापूकाका: ऐका तर. वायनर १६६६ ला बॅरोनेट झाला, म्हणजे सर ही पदवी पिढीजात. आणि १६७२ च्या जानेवारीत राजाने डचांशी लढायला पैसे हवेत म्हणून खजिन्यातून कर्जफेडच थांबवली!! एकट्या वायनरचे ४ लाख १६ हजार पौंड अडकले, त्यात लोकांच्या ठेवी

मोहनमामा: आमच्या पतपेढीसारखंच की. चार वर्षं झाली, गेलं की चहा पाजतात आणि म्हणतात पुढच्या महिन्यात या

बापूकाका: तुला चहा तरी मिळतो मोहन. त्याला १६७७ ला मुद्दल नाहीच, नुसतं व्याज कबूल केलं, वर्षाला २५ हजार, तेही पुढे रखडलं. १६८४ ला दिवाळं. आणि गंमत म्हणजे १६७२ लाच ह्याने स्वखर्चाने राजाचा घोड्यावरचा पुतळा बसवला, तोही सेकंडहँड! मूळ पुढे पोलंडचा राजा झालेल्या सोबिएस्कीचा, घोड्याच्या टाचेखाली तुर्क. वरच्याला चार्ल्सचं डोकं बसवलं, खालचा म्हणे क्रॉमवेल, पण पगडी काढायची राहिली

मोहनमामा: क्रॉमवेल पगडीत 🤣🤣

वैशालीकाकू: बायकोमुलं होती का पण?

बापूकाका: श्रीमंत विधवेशी लग्न केलं, मेरी. तिची आधीची मुलगी ब्रिजेट, इस्टेटीची वारस, १६७४ ला बाराव्या वर्षीच गुपचूप लग्न लावलं तिचं, मग ते खरं की खोटं यावर कित्येक वर्षं कोर्टबाजी, कारण राजाचा मंत्री डॅन्बी तिला सून करायला टपलेला. शेवटी केलीच. वायनरचा एकुलता एक मुलगा १६८८ ला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हा पण

वैशालीकाकू: अरेरे. पैसा पैसा करून काय मिळवलं बाई

शुभ्रा: काका त्याचं घर म्हणजे स्वेकलीज का? लंडनच्या इकनम भागातलं? माझ्या बसच्या रूटवर पाटी आहे

ओंकार: हो तेच. मी आत्ता पीप्स म्हणून त्या काळातल्या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याची डायरी वाचतोय, तो १६६५ ला तिथे गेला होता, घराचं कौतुक केलंय आणि मग लिहिलंय की वायनरकडे एक काळा मुलगा होता, क्षयाने मेला, तर त्याला भट्टीत वाळवून पेटीत ठेवलंय आणि ते पाहुण्यांना दाखवतो

मोहनमामा: काय??

शुभ्रा: ई. मी रोज जाते तिथून

वैशालीकाकू: नाव काय होतं रे त्या पोराचं

ओंकार: नाव नाही लिहिलेलं काकू